कोमट चहा पिणाऱ्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडम गरम चहा पीत नसत. कप समोर ठेवला की त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. चहावर साय धरायची. मग ती बोटानं बाजूला करून, कपाला बाहेरून हात लावून, "आता झाला" म्हणायच्या आणि एका दमात पिऊन टाकायच्या. आमच्या सुमनला याचा राग यायचा.

"अगं, आलं कुटून घालते मी. त्याचं तू गार पाणी करून पितेस."

"काकू, दिवसभर तापवायचंच काम करते ना जी. घरी तरी गार राहू द्या."

सुमन म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं. मेश्राम मॅडम आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहायच्या, विश्रांतवाडीला, तिसऱ्या मजल्यावर. नागपूरच्या. वय चाळिशीच्या आतबाहेर, एकट्या. नदीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायच्या. मी सातवी शिकलेला माणूस. खराडीला, जिथं आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर होतो. मी लिहावं असं कोणी म्हटलेलं नाही. पण सोसायटीत अजून लोक म्हणतात, की त्या बाईनं सुमनवर प्रयोग केला. ते खोटं आहे. ते माझ्या तोंडून निघालं आहे. म्हणून लिहितोय.

पण आधी त्या कशा होत्या ते सांगतो. मी एकदा स्वतःबद्दल सुरू झालो, की त्यांचं राहून जाईल.

पहिल्या दिवशी त्यांचं सामान वर येत होतं तेव्हा मी दारात उभा होतो. पाटीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "मेश्राम म्हणजे कुठले तुम्ही?"

"नागपूरची."

"ते झालं. पण म्हणजे..."

"काका, तुम्हाला जे विचारायचंय ते आडनावातच आहे. पाटी मोठ्या अक्षरात लावलीय, कोणाला विचारायचा त्रास नको म्हणून."

मी आत आलो. सुमन आतून ऐकत होती. ती म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला असंच कोणीतरी पाहिजे होतं." आणि त्याच संध्याकाळी डाळ-वांग्याची वाटी घेऊन समोर गेली.

ती वाटी परत आली ती चंदेरी कागदात गुंडाळून, आत संत्र्याची बर्फी. तो चंदेरी कागद म्हणजे मॅडमची खूण. पोळीचा डबा त्या कागदात, लोणच्याची बरणी त्या कागदात, औषधाची बाटलीही त्यात. सुमननं एकदा विचारलं, एवढं कशाला गुंडाळतेस? म्हणाल्या, "सवय लागली. आमच्या बाटल्या उजेडात ठेवल्या की बिघडतात. आता घरी मिठाची बरणी उघडी दिसली तरी जीव वरखाली होतो बाप्पा."

त्या बाटल्यांत काय असायचं ते त्यांनी मला आमच्याच स्वयंपाकघरात बसून समजावलं. हिरवट-काळं पाणी. त्यात इतके बारीक कण, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. काही लोक असले कण सोन्याचे करतात. यांचे कार्बनचे होते, रंगाच्या जातीचे, म्हणजे काम संपलं की शरीरानं ते मोडून बाहेर टाकावेत. ते रक्तातून सोडायचे. कॅन्सरच्या गाठीत जाऊन ते साचतात. मग बाहेरून एक प्रकाश टाकायचा, डोळ्याला दिसत नाही असा. तो कातडीतून थोडा आत जातो, कण तो पितात आणि तापतात. कण जिथं, तिथंच ताप. गाठ मरते, बाजूचं मांस वाचतं.

मी म्हणालो, "हे आम्ही रोज करायचो."

त्या हसल्या नाहीत. "कसं काय?"

मी सांगितलं. गिअर असतो, त्याचे दात कडक पाहिजेत आणि पोट चिवट पाहिजे. सगळाच कडक केला तर दणक्यानं फुटतो. म्हणून तांब्याच्या वेटोळ्यात धरून विजेनं फक्त दात तापवायचे. दात लालभडक होतात, तोवर पोटाला पत्ता नसतो. लगेच पाणी मारायचं. सगळी कला किती वेळ धरायचं यात. आमच्याकडे मीटर होता, पण मी मीटर बघत नव्हतो. रंग बघायचो. रंग बरोबर दिसला की हात आपोआप सुटायचा.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "काकू, ऐकलं का? अख्खं वर्ष मी मुलांना हेच समजावतेय. काऊन कोणी मला असं सांगितलं नाही?"

मी माळ्यावरून जुना गिअर काढला, मुठीत मावेल एवढा, दातांच्या कडा निळसर पडलेला. त्यांना दिला. त्यांनी तो प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला. नवीन विद्यार्थी आला की हातात देऊन म्हणायच्या, आमच्या समोरचे काका हे काम माझ्याआधी तीस वर्षं करत होते. हे त्यांनीच सुमनला सांगितलं. मी त्या दिवसापासून जिना चढताना जरा ताठ चढायला लागलो. मला सगळं कळलंय, असं मला वाटायला लागलं. पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

त्यांचे प्रयोग उंदरांवर चालायचे. काही दिवशी उंदीर मारून आत बघावं लागायचं. त्या दिवशी घरी आल्या की कुलूप न उघडता जिन्याच्या पायरीवर बसून राहायच्या, हेल्मेट मांडीवर. सुमन हाक मारायची, जेवायला ये. "आज नको काकू."

"उंदरासाठी उपास धरतेस?"

"उपास नाही. घास उतरत नाही."

सोसायटीतल्या लोकांना हे ऐकून हसू यायचं. मलाही यायचं. सुमन मात्र जाऊन शेजारी पायरीवर बसायची.

मग सुमनच्या छातीत गाठ निघाली. मोठ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, एक बाजू काढली. मग सलाईनमधून औषधं झाली, केस गेले. शेवटी रेडिएशन राहिलं होतं, त्याची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मला ते तीन आठवडे सोसेनात. डॉक्टरांनी एकदा म्हटलं होतं, आत कुठं कणभर राहिलं असेल तर ते रेडिएशननं जाईल. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं, की आत काहीतरी राहिलंय आणि ते वाढतंय.

मी मॅडमकडे गेलो. म्हणालो, तुमची बाटली आणा.

"काका, उंदरांवर चाललंय. माणसापर्यंत यायला वर्षं जातील. येईलच असंही नाही."

"उंदराला देता आणि माणसाला नाही?"

"उंदराला देते म्हणूनच नाही देत."

"तुम्हाला तुमची नोकरी प्यारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काकूंची तारीख लवकरची मिळते का, मी ओळखीत विचारते. रेडिएशन चांगलं आहे काका, ते सिद्ध झालेलं आहे. माझं नाही." एवढं बोलून पाणी आणायला आत गेल्या. मी पाण्याला थांबलो नाही.

घरी गुडघे शेकायचा लाल दिवा होता, सुमनचाच. मी हिशेब केला. औषध तर सलाईनमधून आत गेलेलंच आहे. प्रकाश आपल्याकडे आहे. दिसत नाही तो प्रकाश पाहिजे, असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण दिवा तापतो तेव्हा तोही काही बाहेर टाकत असेलच. आणि किती धरायचं हे मला कोणी शिकवायला नको. एकतीस वर्षं केलंय.

दुपारी खिडक्या लावून सुमनला खुर्चीत बसवलं. तिला सांगितलं, मॅडमचीच पद्धत आहे, साधी करून. मॅडमना ती नावानं हाक मारायची. तिनं विचारलं, "विशाखाला विचारलंत?" मी म्हणालो, "विचारलं." म्हणजे तिथंच पहिलं खोटं.

ऑपरेशनच्या जागी तिला स्पर्श कळत नव्हता. नसा कापल्या जातात, हे आम्हाला सांगितलेलं होतं. मी दिवा धरला. "लागतंय?" "नाही." जवळ आणला. "आता?" "काहीच नाही हो." मला वाटलं, ताव बसलेला नाही. अजून जवळ आणला. मी रंगाची वाट बघत होतो. आणि दिवा लाल, त्याच्या उजेडात सगळंच लाल. तिची कातडी, माझा हात, भिंत. ज्या डोळ्यांवर मी आयुष्यभर पगार घेतला, त्यांना काही दिसलं नाही. वास आला तेव्हा बटण बंद केलं. मग दिसलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी जखम बघितली आणि मोठ्या आवाजात विचारलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" आजूबाजूला माणसं होती. आमची मुलगी मनीषा कर्वेनगरहून धावत आली होती, ती दारात उभी होती. तिला मी काय सांगणार होतो? तुझ्या आईला मी जाळलं?

"आमच्या समोर संशोधक बाई राहतात," मी म्हणालो. "त्यांनी."

सुमन कॉटवर पडलेली. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. लोकांसमोर ती मला कधी खोटं पाडत नसे. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "काय बोललात ते?"

"मग प्रकाशानं गाठ जळते, हे तिनंच सांगितलं ना?"

"जळते सांगितलं. जाळा नाही सांगितलं."

मनीषा पुढच्या रिक्षात होती. आम्ही पोचलो तोवर ती वर जाऊन मॅडमच्या दारात उभी. "तुम्हाला प्रयोगाला माझीच आई सापडली?" अख्ख्या जिन्यात ऐकू जात होतं. मॅडमनी मनीषाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या हातात लिंबू होतं, अर्धं कापलेलं. मी रेलिंगला धरून उभा. त्यांनी फक्त विचारलं, "काकूंना किती भाजलंय?"

मनीषानं दार आपटलं, त्यांचं, त्यांच्याच तोंडावर.

खोटं किती लवकर वाढतं ते मला माहीत नव्हतं. आठवड्याभरात सोसायटीत झालं, की मॅडम घरात उंदीर पाळतात. मग झालं, की विषारी पाणी ड्रेनेजमध्ये सोडतात. त्यांच्या आडनावाच्या माणसाचा दोष काढायला सगळे वाटच बघत असावेत, इतक्या सहज लोकांनी ते धरलं. मी पहिल्या दिवशी दारात उभं राहून जे विचारलं होतं, तेच सगळ्यांच्या पोटात होतं, हे मला तेव्हा कळलं. मीटिंग झाली. सेक्रेटरींनी मॅडमना बोलावलं आणि विचारलं, "आपल्या घरी उंदीर आहेत का?"

"माझ्या घरी नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहेत, चांगले पोसलेले. त्यांचा विज्ञानाशी संबंध नाही."

दोघंतिघं हसले. सेक्रेटरी माझ्याकडे वळले, "काका, तुम्ही बोला." मी म्हणालो, "माझं डोकं चालत नाही सध्या," आणि खाली बघितलं. सगळ्यांना माझी दया आली.

हॉस्पिटलनं मॅडमच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. तिकडून एक सभ्य गृहस्थ फाईल घेऊन माझा जबाब घ्यायला आले. सुमन आत झोपली होती. त्यांनी लिहून मला वाचून दाखवलं: डॉक्टर मेश्राम यांनी प्रकाशाने गाठ जाळता येते असे सांगितले, त्यावरून मी दिवा लावला. "बरोबर?" त्यातला एकेक शब्द खरा होता. सगळं मिळून खोटं होतं. ते पेन पुढे करून थांबले. त्यांना घाई नव्हती. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, पुढे लिहा, त्या नाही म्हणाल्या होत्या. मी "बरोबर" म्हणालो आणि सही केली. माझी सही चांगली आहे. तेवढं शाळेत आलं.

मॅडमचे प्रयोग आठ महिने बंद ठेवले.

आणि ह्या आठ महिन्यांतलं मला जे सांगायचंय ते हे. हॉस्पिटलनं रोज पट्टी बदलायला सांगितली होती. मला ती जखम उघडवत नव्हती. मनीषाची नोकरी, ती शनिवार-रविवार यायची. भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मॅडम. मला म्हणाल्या, "काका, बाजूला व्हा." बेसिनशी कोपरापर्यंत हात धुतले, मनात आकडे मोजत, ओठ हलत होते. मग आत जाऊन पट्टी बदलली. जखम भरेपर्यंत, सोमवार ते शुक्रवार, एक दिवस चुकल्या नाहीत. मनीषा असायची तेव्हा यायच्या नाहीत.

मी दाराआडून ऐकायचो.

"विशाखा, ह्यांनी तुझं नाव घेतलंय गं."

"माहिती आहे."

"मग त्यांना काही बोलत का नाहीस?"

"हात वर करा काकू."

"आणि तुझे उंदीर?"

"म्हातारे झाले. आता त्यांच्यावर काही करता येत नाही. खातात, झोपतात. पेन्शनीत आहेत."

सुमन हसली. जखम ओढली गेली म्हणून मध्येच "आई गं" म्हणाली आणि परत हसली. त्या घरात तेव्हा तेवढंच हसणं होतं. मी चहा करायचो. दोन कप आत नेऊन ठेवायचो आणि बाहेर यायचो. मॅडमचा कप मी आधीच वाऱ्यावर ठेवून कोमट करून न्यायचो. माफी म्हणून मला एवढंच जमलं. त्यांना ते कळत होतं. त्या कपाला हात लावायच्या आणि लगेच प्यायच्या.

जखमेमुळे रेडिएशन दोन महिने लांबलं. पुढच्या वर्षी कॅन्सर फुप्फुसात निघाला. मी डॉक्टरांना विचारलं, उशीर झाला म्हणून का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. तसं नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

जायच्या आधी आठ दिवस सुमननं मला जवळ बोलावलं. दम लागत होता, तुटक बोलत होती. "तिला सांगा. आणि मनीषालाही सांगा. माझ्यासमोर सांगितलंत तर बरं." मी म्हणालो, सांगतो. मनीषा त्याच दिवशी संध्याकाळी आली, आईच्या पायाशी बसून रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत बसलो. सुमननं परत विषय काढला नाही. माझ्याकडे बघणं मात्र तिनं कमी केलं. शेवटच्या दिवशी तिची नजर दारावर होती. मॅडम आल्या, तिचा हात हातात घेतला, आणि मग ती गेली. माझ्या हातात नाही.

मनीषाला अजून वाटतं, मॅडम अपराधी वाटून यायच्या.

हे लिहून झालं की मी ते आधी मनीषाला वाचून दाखवणार आहे. मग एक प्रत त्या प्रयोगशाळेत नेऊन देणार आहे, जबाबाच्या फाईलला लावा म्हणून. एक सोसायटीच्या फळ्यावर लावणार. सेक्रेटरींनी काढली तर परत लावणार. यातली भीती मला पहिल्याचीच आहे.

मॅडम पाच महिन्यांपूर्वी इथून गेल्या. घरमालकानं भाडेकरार वाढवला नाही, सोसायटीनं त्याला तसं सांगितलं होतं. दुसऱ्या गावी काम मिळालं, असं कळलं. कुठल्या, ते मी विचारलं नाही. त्या सकाळी टेंपो खाली उभा होता. मी आवाजावरून ओळखत होतो, आता कपाट चाललं, आता पुस्तकं. शेवटी सगळं शांत झालं तेव्हा दार उघडून बाहेर आलो. आता सांगायचं असं ठरवून आलो होतो. शब्दही ठरवले होते.

त्या कुलूप लावत होत्या. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. जिन्याच्या कठड्यावर शेवटची पिशवी, आणि तिच्यावर चंदेरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी, मुठीएवढं. कागदाला दातांचे उंचवटे आले होते. मी ते लगेच ओळखलं. टाकून दिलं नव्हतं त्यांनी, सोबत नेत होत्या.

त्यांनी नावाची पाटी काढून पिशवीत घातली. माझ्याकडे बघितलं. आमच्या उघड्या दारातून आत बघितलं, सुमनच्या फोटोकडे. आणि विचारलं,

"काका, चहा झाला का?"

त्यांच्याकडे वेळ होता. टेंपोवाला खाली तंबाखू मळत होता. चहा करायला पाच मिनिटं, तो निवायला दहा. पंधरा मिनिटं त्या समोर बसल्या असत्या, आणि मला बोलावंच लागलं असतं.

"झाला," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली, गिअर काखेत धरला आणि जिना उतरल्या.

झाला नव्हता. सकाळपासून मी गॅस पेटवला नव्हता.